जुनी किट स्पोर्ट्‌स कार: घेण्यापासून विकण्यापर्यंत

कारखान्यात तयार झालेल्या गाडीचा एखादा भाग तुटला, तर पार्ट्‌स कॅटलॉग उघडायचा, क्रमांक काढायचा आणि मागवायचा. जुन्या किट कारला असा कॅटलॉग नसतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक कुठल्यातरी साध्या घरगुती गाडीतून आलेले असतात. बॉडी आणि कधीकधी चॅसी एखाद्या छोट्या किट कंपनीची असते. आणि हे सगळं कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये, नोकरी सांभाळून, रात्री जागून जोडलेलं असतं. डोनर गाडी (जिचे इंजिन वगैरे भाग घेतले ती), किट आणि जोडणारा, असे तीन धनी या गाडीला असतात. समोर आलेला बोल्ट, वायर किंवा पाइप या तिघांपैकी कुणाचा, हे ओळखता यायला लागलं की गाडी तुमची झाली. तोवर ती दुसऱ्या कुणाची तरी असते आणि तुम्ही फक्त चालवत असता.

म्हणून पाना हातात घेण्याआधी एक जाड वही घ्या. पुढे जे जे सांगणार आहे, ते सगळं त्या वहीत जायचं आहे.

आधी वंशावळ

ब्रिटनमध्ये नव्या तयार गाडीवर परचेस टॅक्स लागे. सुट्या भागांच्या किटवर लागत नसे. 1957 मध्ये आलेली लोटस सेव्हन या सवलतीमुळे असंख्य घरांच्या गॅरेजमध्ये जोडली गेली. किटसोबत जोडणीच्या सूचना देता येत नव्हत्या, म्हणून लोटसच्या कॉलिन चॅपमनने गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या! 1 एप्रिल 1973 ला तिथे व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले.

अमेरिकेतली वाट वेगळी होती. फोक्सवॅगन बीटलची बॉडी बोल्ट काढून उचलता येते आणि खाली इंजिन, चाकं, स्टिअरिंगसकट चालती पॅन, म्हणजे गाडीचा पत्र्याचा तळ, उरते. तिच्यावर फायबरग्लासची कवचं बसवायची. 1964 मध्ये ब्रूस मायर्सने मायर्स मॅन्क्स आणली, सत्तरच्या दशकात ब्रॅडली जीटी आली. ब्रिटनमध्ये 1971 ला आलेली, सगळं छप्परच वर उचलणारी नोव्हाही बीटलवरच बसते; अमेरिकेत तिचं नाव स्टर्लिंग.

हा इतिहास सांगायचं कारण असं की दुरुस्तीचं पुस्तक कुठलं लागेल ते यावरून ठरतं. बॉडीवरचं नाव कितीही देखणं असो, यंत्राचं पुस्तक डोनरचं घ्यायचं, तेही वर्ष बघून. 1965 पर्यंतच्या बीटलचा पुढचा अ‍ॅक्सल किंग पिन आणि लिंक पिनचा आहे, 1966 च्या मॉडेलपासून बॉल जॉइंटचा. दोन्हींचे भाग एकमेकांना चालत नाहीत. डोनर ट्रायम्फ हेरल्ड किंवा स्पिटफायर असेल तर पुढच्या खालच्या ट्रनियनला (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याला) ग्रीस चालत नाही, ईपी 90 गिअर ऑइल लागतं. ग्रीस भरलेली ट्रनियन आतून कोरडी पडते, झिजते, आणि एक दिवस चाक आडवं होतं. असे बारकावे किट कंपनीच्या कागदात मिळत नाहीत.

बघायला जाताना

पहिली गोष्ट कागद. गाडी चालवून बघण्याच्याही आधी. नोंदणीत मेक म्हणून काय लिहिलंय, वर्ष कुठलं, चॅसी नंबर काय? बऱ्याच जुन्या किट कार डोनरच्याच नावाने आणि वर्षाने नोंदलेल्या असतात. काही देशांत ते चालतं, काही ठिकाणी त्यावरून पुढे अडचण येते. ब्रिटनमध्ये ज्या गाडीचं वय किंवा ओळख नक्की सांगता येत नाही तिला 1983 पासून क्यू ने सुरू होणारा नंबर मिळतो. कॅलिफोर्नियात स्वतः बांधलेल्या गाड्यांसाठी एसबी 100 नावाची वेगळी तरतूद आहे आणि तिच्यात वर्षाला फक्त 500 गाड्या घेतात. तुम्ही जिथे राहता तिथला नियम विकत घेण्यापूर्वी विचारून घ्या, नंतर नव्हे. बीटलचा नंबर मागच्या सीटखाली मधल्या बोगद्यावर (पॅनच्या मधोमध लांब जाणाऱ्या पोकळ उंचवट्यावर) ठोकलेला असतो. तो वाचा, कागदाशी ताडा. जुळत नसेल तर तिथून निघा. किंमत कितीही कमी असली तरी निघाच.

दुसरी गोष्ट खालची बाजू. फायबरची बॉडी गंजत नाही, आणि हेच लोकांना फसवतं. वर चकचकीत रंग, खाली चाळणी झालेला पत्रा. बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे असते. त्या कोपऱ्यातली पॅन अ‍ॅसिडने खाल्लेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज चांगला. पिचपिचीत लागलं तर तिथे पत्र्याऐवजी गंज आणि पुट्टी आहे.

मॅन्क्ससारख्या किटसाठी पॅन कापून आखूड करावी लागते. मॅन्क्सला सुमारे 36 सेंटीमीटर. नोव्हा आणि ब्रॅडली जीटी पूर्ण लांबीच्या पॅनवर बसतात. कापलेली पॅन असेल तर तो जोड हाच गाडीचा कणा. वेल्डिंग दोन्ही बाजूंनी आहे का, बोगदा सरळ रेषेत आहे का, आत गिअरचा रॉड, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलच्या नळ्या नीट जोडल्या आहेत का, हे आडवं पडून टॉर्चच्या उजेडात बघा. दोन्ही बाजूंचं पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर टेपने मोजा. फरक ठळक दिसला, तर जोड वाकडा बसलाय किंवा गाडी कुठे आदळली आहे.

मग सीट बेल्टचे बोल्ट शोधा. जोडणाऱ्याची अक्कल इथे कळते. बेल्ट नुसत्या फायबरला वॉशर लावून अडकवलेला असेल, तर अपघातात तो फायबरचा तुकडा घेऊन बाहेर येईल. तो चॅसीला किंवा चॅसीशी जोडलेल्या पोलादी प्लेटला धरलेला हवा. नेहमीचा बोल्ट 7/16 इंच यूएनएफचा, इंचाला 20 आटे. हे काम ज्याने नीट केलंय त्याने बाकीचंही बहुधा नीट केलेलं असतं.

छप्पर किंवा दरवाजे वर उघडणाऱ्या गाडीत आत बसून बंद करा आणि यंत्रणा बिघडली तर बाहेर कसं यायचं ते विकणाऱ्याला करून दाखवायला सांगा. त्याला दाखवता आलं नाही, तर ती पहिली दुरुस्ती समजा.

शेवटी काच. पुढची काच किटवाल्यांनी स्वतः बनवली असण्याची शक्यता फार कमी. ती कुठल्यातरी नेहमीच्या गाडीची असते. कोपऱ्यातली बारीक अक्षरं उतरवून घ्या. दिव्यांचंही तसंच. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या दिव्याच्या काचेवर एल ने सुरू होणारा क्रमांक असतो, त्यावरून तोच दिवा आणखी कुठल्या गाड्यांना होता ते सापडतं. इंजिन मिळतं, गिअरबॉक्स मिळतो. न ओळखता आलेली पुढची काच फुटली तर गाडी वर्षभर उभी राहते.

पहिल्या महिन्यात: चालवायची घाई नको

गाडी घरी आली की जॅक लावताना सांभाळा. फायबरच्या कडेखाली जॅक लावला तर ती तडकते, जॅक चॅसीलाच. खाली शिरण्याआधी भक्कम स्टँड.

सुरुवात पेट्रोलच्या वाटेपासून करा. सगळे रबरी पाइप बदला, दिसायला चांगले असले तरी. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर मऊ करतं आणि जुन्या पॉलिएस्टर रेझिनच्या फायबर टाकीलाही खातं. तशी टाकी असेल तर अ‍ॅल्युमिनियमची करून घेणं बरं. बीटलच्या इंजिनवर पेट्रोलचा फिल्टर लोंबत असेल तर तो तिथून काढून टाकीजवळ न्या. गरम इंजिन, डिस्ट्रिब्युटरची ठिणगी आणि ठिबकणारा पाइप एका जागी आले की काय होतं हे सांगायला नको. फायबरची बॉडी पेटली तर विझवणं फार कठीण. हाताशी येईल असा अग्निशामक गाडीत ठेवा.

मग ब्रेक. सगळे रबरी होज आणि सिलिंडरचे सील नवे, फ्लुइड ताजं, आणि पुढे दर दोन वर्षांनी. आत सिलिकॉनचं डॉट 5 आहे की साधं डॉट 4 हे कळल्याशिवाय काहीही ओतू नका. ती एकत्र चालत नाहीत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांपलीकडचा टायर, खाच कितीही खोल दिसली तरी, काढा.

आता नट-बोल्ट. हे काम कंटाळवाणं आहे, पण मी सगळ्यात जास्त भर यावरच देतो. ब्रिटिश डोनर इंचाच्या मापाचा, जर्मन डोनर मिलिमीटरचा, आणि जोडणाऱ्याच्या डब्यात जे होतं ते. 5/16 इंचाचा बोल्ट 7.94 मिलिमीटरचा असतो, एम 8 आठाचा. डोळ्यांना एकच. एम 8 चा बोल्ट 5/16 च्या नटात दोन आटे जातो, मग जोर लावून आणखी दोन, आणि कसल्यासारखा वाटतो. माझ्या पहिल्या गाडीत स्टिअरिंगच्या दांड्याचा जोड असाच धरलेला निघाला. मी ती तशीच तीन महिने चालवली होती. तेव्हापासून स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक आणि सीट बेल्टचा प्रत्येक बोल्ट मी काढतो, आटे गेजने मोजतो, डोक्यावर ताकदीची 8.8 किंवा त्या तोडीची खूण नसेल तर बदलतो आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा) नवा लावतो. कुठे कुठला बसवला ते वहीत.

बीटलचं इंजिन मागे असलं तर आणखी एक गोष्ट. ते हवेवर थंड होतं, आणि त्यासाठी इंजिनभोवतीचा पत्रा आणि त्याच्या कडेचं रबर गरम हवा खाली आणि थंड हवा वर अशी वेगळी ठेवतात. किटच्या बॉडीत हा पत्रा नीट बसत नाही, म्हणून अनेकांनी तो काढून टाकलेला असतो. मग पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि इंजिन तापतं. पत्रा परत बसवा, फटी बंद करा. या इंजिनात तेल जेमतेम अडीच लिटर मावतं आणि कागदी फिल्टर नसतो, नुसती जाळी. त्यामुळे तेल लवकर लवकर बदलण्याला पर्याय नाही.

वायरिंग

पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच अर्थची वायर असते. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, टाकीतल्या फ्लोटला परतीची वेगळी वायर लागते. जुन्या किट कारचे निम्म्याहून अधिक विजेचे आजार मला इथेच सापडले आहेत. उजवा इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा नाचतो, ब्रेक दाबला की पार्किंगचा दिवा मंद उजळतो: म्हणजे वीज परतीची वाट सापडत नाही म्हणून दुसऱ्या दिव्यातून घरी जाते आहे.

तपासायचं असं. दिवा चालू ठेवा. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक दिव्याच्या अर्थ वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. 0.1 ते 0.2 व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर मधला कुठलातरी जोड कुजलाय. प्रत्येक जोड शोधत बसण्यापेक्षा पुढे एक आणि मागे एक अशा दोन पितळी पट्ट्या बसवा, त्या जाड वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणि चॅसीला जोडा, आणि जवळचे सगळे अर्थ त्यांवर आणा. एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे, आणि गाडीचा स्वभाव बदलतो.

जोडणाऱ्याने वायरचे रंग मनाला येईल तसे वापरलेले असतात. जुनी वायर उपटून टाकण्याआधी तिचा नकाशा काढा, मळकट झाला तरी चालेल. मी प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी लावतो. बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य वायरला, स्टार्टरची सोडून, बॅटरीजवळच फ्यूज हवा.

फायबरची तड

प्रत्येक रेघ म्हणजे तड नव्हे. बारीक जाळी दिसत असेल तर बहुतेक वेळा फक्त वरचा जेलकोट (रेझिनचा सगळ्यात बाहेरचा थर) किंवा रंगाचे थर तडकलेले असतात. एका बिंदूतून चांदणीसारख्या रेघा निघाल्या असतील तर आतून दगड किंवा ठोसा बसलाय. बोल्टच्या भोवताली किंवा दरवाजाच्या कोपऱ्यात लांब रेघ असेल तर तिथे बॉडी वाकते आहे, आणि ते वाकण्याचं कारण काढल्याशिवाय केलेली दुरुस्ती पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फाटणार. नाण्याने ठोकून बघा. कडक आवाजाच्या जागी पोकळ, बसका आवाज आला तर थर सुटले आहेत.

रंग काढायला रासायनिक स्ट्रिपर नको, तो रेझिनमध्येही शिरतो. पॉलिश पेपर आणि धीर. काम नेहमी आतल्या बाजूने. तड जिथे संपते तिथे बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग आतून ग्राइंडरने उतार द्या: जाडीच्या बारापट. फायबर तीन मिलिमीटर जाड असेल तर तडीच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेतीन सेंटीमीटर. लोक इथे कंजुषी करतात, नुसती फट भरतात. फटीत भरलेलं रेझिन ताकद देत नाही. ताकद देतात जुन्या थरांवर लांब पसरलेले काचेचे धागे. मधला जुना तेलकटपणा अ‍ॅसिटोनने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

बाहेरच्या बाजूला प्लॅस्टिक लावलेला पुठ्ठा घट्ट चिकटवा, आकार टिकतो. काचेच्या धाग्यांची मॅट चौरस मीटरला 450 ग्रॅमची घ्या. तिचा एक थर साधारण एक मिलिमीटर होतो, म्हणजे तीन थर. तुकडे लहान-मोठे कापा, म्हणजे कडा एकावर एक येणार नाहीत. मॅट कात्रीने कापण्यापेक्षा फाडली तर कडा विरळ होतात आणि जुन्यात मिसळतात. पॉलिएस्टर रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीचपट. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के, मोजून. अंदाजाने ओतलेला हार्डनर एकतर रेझिन चिकट ठेवतो किंवा डबा धुमसवतो. 15 अंशांखाली हे काम करू नका. ब्रशने चोपून मॅट ओली करा, पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा अडकली आहे, रोलरने बाहेर काढा. एकदम चारपेक्षा जास्त थर नकोत, तापतात.

पूर्वीच्या मालकाने इपॉक्सी वापरलेली असेल तर तिच्यावर पॉलिएस्टर नीट धरत नाही. इपॉक्सीवर इपॉक्सीच लावा.

डोळ्यांवर बंद गॉगल हवाच. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. रेझिनसाठी वाफ रोखणारा मास्क, घासताना धूळ रोखणारा. हार्डनर आणि रेझिन लवकर घट्ट करणारा कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर एकमेकांत थेट मिसळू नका, स्फोट होतो. उरलेलं रेझिन बाहेर मोकळ्यावर ठेवा.

मग थांबा. रेझिन काही आठवडे आकसत राहतं. दुसऱ्याच दिवशी पुट्टी आणि रंग मारला तर महिन्याभरात दुरुस्तीची कड रंगातून वर दिसायला लागते. या काळात ब्रेक करा, वायरिंग करा.

विकायची वेळ आली की

खर्च केलेला पैसा किमतीत परत मागू नका, तो मिळत नाही. किंमत ठरते कागद किती स्वच्छ आहेत, गाडी चालते का आणि काम कोणत्या दर्जाचं आहे यावर. अर्धवट खोललेली गाडी फार कमी किमतीला जाते, कारण घेणाऱ्याला खोक्यांत काय हरवलंय ते कळत नाही. शक्य असेल तर चालती करून विका. नसेल जमत, तर सगळे भाग टेबलावर मांडून, चिठ्ठ्या लावून फोटो काढा.

जाहिरातीत गाडीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारा. किटचं नाव, डोनर, डोनरचं वर्ष, नोंदणीत काय लिहिलंय ते. दुसऱ्या प्रसिद्ध कंपनीचा बिल्ला लावून तिचीच गाडी असल्यासारखं विकणं ही फसवणूक आहे, आणि मेहनतीने जोडलेल्या गाडीला त्याची गरज नाही. बाहेरचे चार फोटो पुरे. पॅनचे, जोडांचे, सीट बेल्टच्या बोल्टचे, फ्यूज बॉक्सचे, चॅसी नंबरचे फोटो जास्त द्या. जाणकार माणूस तेच बघतो. जिथे फायबर दुरुस्त केलंय तिथे बोट ठेवून फोटो काढा आणि तसं लिहा.

घेणारा येईल तेव्हा इंजिन थंड असू द्या. आधी तापवून ठेवलेलं इंजिन बघून जाणकाराचा विश्वास उडतो. चालवायला देण्याआधी त्याचा विमा या गाडीला लागू होतो का ते विचारा, आणि पहिली फेरी तुम्ही चालवा. ही गाडी डोनरपेक्षा खूप हलकी असते, ब्रेक वेगळे लागतात, आणि नव्या माणसाला ते पहिल्या वळणावर कळून उपयोग नाही. ट्रेलरवर चढवायची असेल तर पट्टे चाकांना बांधा, फायबरवरून कधीही नाही.

पैसे आणि कागद एकाच बैठकीत. नोंदणी तुमच्या नावावरून निघाल्याची पोच हातात आल्याशिवाय फाइल बंद करू नका. किल्ल्या, सुटे भाग, आणि ती वही द्या. देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी नव्या मालकाचा फोन येतो की मागच्या डाव्या दिव्याची तपकिरी वायर कुठे जाते, आणि उत्तर बाविसाव्या पानावर असतं.